फी भरायची का, आणि तिथंच शिकवत राहायचं का

पिंपरी-चिंचवडमधल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. नवरा चाकणला कारखान्यात, हातात महिना ६२ हजार. बायको बी.एड., राज्य मंडळाच्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते, पगार २१ हजार. घराचा हप्ता चालू आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. आईच्या शाळेची फी वर्षाला १ लाख १० हजार, पण शिक्षकांच्या मुलांना निम्मी. दुसरा पर्याय बसने वीस मिनिटांवरच्या जुन्या संस्थेच्या अनुदानित मराठी शाळेचा, सेमी इंग्रजी वर्ग असलेल्या. तिसरी, महापालिकेची शाळा, चालत जाण्याइतकी जवळ. त्यांना विचारायचंय ते असं: खासगी शाळेवर एवढा पैसा घालावा का? आणि तिनं याच शाळेत नोकरी करत राहावं का?

मी आधी अनुदानित शाळेत शिकवलं, मग एका विनाअनुदानित शाळेची मुख्याध्यापिका होते आणि आता शाळांची अंदाजपत्रकं बसवून देते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी एकाच ठिकाणी शोधते: त्या शाळेत शिक्षक किती वर्षं टिकतात. पालकांना हा प्रश्न सहसा सुचत नाही. ते एसी वर्ग, पोहण्याचा तलाव, बसमधलं जीपीएस बघतात. शिक्षक तर स्वतःच त्या आकड्याचा भाग असतात, म्हणून त्यांनाही तो दिसत नाही.

आधी एका वर्गाचा हिशेब मांडू. पट चाळीसचा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के राखीव जागांवर दहा मुलं आली. त्यांच्यापोटी सरकार मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये देणं लागतं आणि ते वेळेवर येत नाहीत, हे कुठल्याही संस्थाचालकाला विचारा. उरलेल्या तीस मुलांचे १ लाख १० हजारांप्रमाणे ३३ लाख. आता त्या वर्गाच्या वाट्याला येणारे शिक्षक बघा. वर्गशिक्षिका आणि खेळ-चित्रकला-संगणकवाले मिळून दीड शिक्षक धरू. २१ हजारांनी दीड शिक्षकाचे वर्षाचे होतात ३ लाख ७८ हजार. म्हणजे फीच्या दर शंभर रुपयांतले साडेअकरा रुपये शिकवणाऱ्याकडं जातात. मावश्या, ड्रायव्हर, कार्यालय, भविष्य निर्वाह निधी हे सगळं धरलं तरी तो आकडा फार वर सरकत नाही. बाकी पैसा इमारतीचं भाडं किंवा कर्ज, जाहिरात, 'ब्रँड'ची फ्रँचायझी असेल तर तिची रॉयल्टी, आणि संस्थेची शिल्लक यांत जातो. इमारत लागतेच, त्यात गैर काही नाही. पण माझ्या मते फीतला निम्म्याच्या आसपास पैसा पगारावर जात नसेल, तर तुम्ही शिक्षणापेक्षा जास्त बांधकामाची किंमत मोजताय.

आता तुमच्या घराचा हिशेब. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बदलता येत नाही. दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढ धरली, तर आजची १ लाख १० हजारांची फी दहावीला १ लाख ९२ हजारांवर जाते आणि पहिली ते दहावीची नुसती फी होते जवळजवळ १४ लाख ८० हजार. बस, पुस्तकं, गणवेश, सहल, गॅदरिंगचे कपडे याचे वर्षाला चाळीस हजार धरून ते त्याच दराने वाढवले, तर आणखी पाच लाख चाळीस हजार. म्हणजे वीस लाख. यात आठवीनंतरचा क्लास नाही, आणि खासगी शाळेतली मुलंही क्लासला जातातच.

निम्मी फी आणि आईबरोबर जाणं-येणं, म्हणून बसही नको, असं धरलं की आकडा एकदम हलका वाटतो. पण ती सवलत आईच्या नोकरीला बांधलेली आहे. त्याबद्दल पुढं.

या पैशात मिळतं काय? इंग्रजी बोलण्याचा सराव आणि धीटपणा मिळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. आई-वडील दोघं बाहेर असतील तर मूल चार वाजेपर्यंत सुरक्षित असतं, हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. वर्गात ज्यांच्या घरी शिक्षणाची ओढ आहे अशी मुलं भेटतात. वाचन-गणित मात्र फीच्या प्रमाणात वाढत नाही. याचा चांगला पुरावा आंध्र प्रदेशातला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी फीचे पैसे दिलेल्या योजनेचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढं होती, कारण सरकारी शाळांत हिंदीला वेळच जवळपास दिला जात नव्हता. आणि हे सगळं खासगी शाळांनी सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात केलं. त्या शाळा खेड्यातल्या, स्वस्तातल्या होत्या. तुमची लाखाची शाळा त्यात नव्हती, तेव्हा निष्कर्ष जसाच्या तसा लावू नका. पण खासगी म्हणजे गणित चांगलं, हे समीकरण कुणी गृहीत धरत असेल तर त्याच्यासाठी एवढं पुरे.

खासगी आणि सरकारी अशी सरळ दोन खाती आपल्याकडं नाहीतच. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ पासून आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ पासून खासगी व्यवस्थापनाच्याच शाळा चालवत आल्या आहेत. त्यांतल्या अनुदानित शाळांत शिक्षकाचा पगार सरकार देतं. निवड संस्थेची, पगार शासनाच्या श्रेणीत, आठवीपर्यंत शिक्षण मोफत. मग २००१ नंतरच्या 'कायम विनाअनुदानित' शाळा. त्यांच्यापुढचा 'कायम' हा शब्द २००९ मध्ये निघाला, तरी २०-४० टक्क्यांच्या टप्पा अनुदानासाठी तिथले शिक्षक आझाद मैदानावर बसलेले तुम्ही बातम्यांत पाहिलेच असतील. आणि शेवटी स्वयंअर्थसहाय्यित शाळा, २०१२ च्या कायद्याखालच्या. बहुतेक नव्या चकचकीत इंग्रजी शाळा यातल्या. नावात 'इंटरनॅशनल' असलं म्हणजे मंडळ आंतरराष्ट्रीय असतं असं नाही. पाटीच्या खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा आणि यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक) मागून घ्या. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला शिक्षण हक्क कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे आणि पुढं चालू ठेवली तर दिवसाला दहा हजार. तरी अशा शाळा दर वर्षी सापडतात.

जुनी अनुदानित सेमी इंग्रजी शाळा पालक यादीतून फार लवकर खोडतात. तिथं गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. ज्या घरात आई स्वतः गणिताची शिक्षिका आहे आणि इंग्रजी वाचते, त्या घराला सेमीचा वर्ग पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती, नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, ही फक्त शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला अर्जच करता येत नाही. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, त्यामुळं आज तुम्हाला उपयोग नाही, पण ज्यांचं उत्पन्न त्याच्या आत आहे त्यांनी हे फी भरण्याआधी धरावं. अकरावीला तर २०२५-२६ पासून राज्यभर प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात आणि दहावीचे गुण बघितले जातात. इन-हाउस कोटा, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी ठेवलेल्या जागा, सोडला तर कुठल्या शाळेत किती फी भरली याला तिथं किंमत नाही.

महापालिकेची शाळा न बघता सोडू नका. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आली ती गावकरी आणि शिक्षकांमुळं. तिथलेच शिक्षक दत्तात्रय वारे पुढं खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला गेले, आणि २०२५ मध्ये त्या छोट्या शाळेला 'वर्ल्ड्स बेस्ट स्कूल' पुरस्कारांतला लोकपसंतीचा मान मिळाला. इमारत जागेवर राहिली, शिक्षक हलले आणि त्यांच्याबरोबर पालकांची रांगही हलली. सरकारी शाळेची अडचणही याच वाटेनं येते. चांगल्या बाईंची बदली झाली, पद रिकामं राहिलं, निवडणुकीच्या कामाला दोघं गेले, की दोन वर्ग एकत्र बसतात. म्हणून तिथं विचारायचं की पदं किती मंजूर आणि किती भरलेली.

शाळा बघायला 'ओपन हाउस'च्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी फुगे असतात. साध्या मंगळवारी-बुधवारी जा आणि तिसरीच्या गणिताच्या दोन-तीन वह्या मागा. मी स्वतः शाळा तपासताना हेच करते. एका मोठ्या फीच्या शाळेतल्या वहीत वजाबाकी होती, ४०३ वजा १६८. मुलीनं उत्तर लिहिलं होतं ३६५ आणि त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण. मुलीनं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता: आठातून तीन, सहातून शून्य, चारातून एक. हातचा हा प्रकारच तिला कळला नव्हता आणि पान न वाचताच तपासलं गेलं होतं. दुसऱ्या एका अनुदानित शाळेत तीच चूक एका मुलाच्या वहीत सापडली. तिथं बाईंनी शेजारी लिहिलं होतं, "वरच्या ३ मधून खालचे ८ जातात का? एक शतक सुटं करून बघ." खाली मुलानं पुन्हा सोडवून २३५ आणलं होतं. या दोन पानांमधला फरक मला कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडलेला नाही.

पहिल्या शाळेतल्या बाई आळशी होत्या असं समजू नका. त्यांच्याकडं पाच तुकड्या होत्या. तुकडीत चाळीस म्हणजे दोनशे वह्या. वहीला तीन मिनिटं दिली तरी दहा तास, आणि हे सगळं तासांमधल्या मोकळ्या वेळात किंवा घरी जाऊन. शिवाय बसवर ड्युटी, ॲपवर पालकांना उत्तरं, 'ॲन्युअल डे'ची तालीम. असं असलं की चांगली शिक्षिका दोन वर्षांत निघून जाते आणि तिच्या जागी आलेली वर्गातली नावं पाठ होईपर्यंत दिवाळी येते. म्हणून शाळेत विचारा: पहिली ते चौथीच्या बाई कुठल्या वर्षापासून इथं आहेत? पाचांतल्या तीन जणी पाच वर्षांहून जुन्या असतील तर शाळा बरी आहे असं मी मानते. उत्तर टाळलं तर चौथीतल्या एखाद्या मुलाच्या आईला फाटकापाशी गाठा आणि विचारा, वर्षाच्या मध्यात किती वेळा बाई बदलल्या.

फीचं काही खटकत असेल तर हक्काची जागा आहे. व्यवस्थापनानं फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं मांडायचा असतो, आणि त्या समितीवरचे पालक चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. व्यवहारात बऱ्याच शाळा मर्जीतल्या पालकांची नावं घालून मोकळ्या होतात. प्रवेशाआधीच मागच्या समितीचा फी मंजुरीचा ठराव दाखवा म्हणा. पावतीवर न येणारी 'देणगी' मागितली तर ती शिक्षण हक्क कायद्यात बेकायदा आहे, आणि लहानग्यांची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणंही. करसवलतीच्या आशेनं फीचं समर्थन करू नका: आयकराच्या वजावटीत फक्त शिकवणी शुल्क धरतात, तेही दीड लाखाच्या एकूण मर्यादेत आणि जुनी करप्रणाली घेतली तरच.

आता शिक्षिकेची बाजू. २१ हजार पगार आणि फीत ५५ हजारांची सूट, म्हणजे महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास जास्त. खरा पगार झाला साडेपंचवीस हजार. हा आकडा कशाशी ताडायचा? जिल्हा परिषदेत किंवा अनुदानित शाळेत लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. म्हणजे सुरुवातीला आजच्यापेक्षा कमीच, आणि पुष्कळ जणी इथंच मागं फिरतात. पण तीन वर्षांनंतर प्राथमिकची श्रेणी सुरू होते २९,२०० पासून आणि बी.एड. माध्यमिक शिक्षकाची ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. पंधरा वर्षांच्या नोकरीत या दोन वाटांमधला फरक मुलीच्या सगळ्या शाळेच्या फीपेक्षा जास्त भरतो.

त्या वाटेला दारं दोन आहेत, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि भरतीसाठीची शिक्षक अभियोग्यता चाचणी. टीईटी नसेल तर ती आधी. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे अशा नोकरीतल्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागणार आहे, तेव्हा हा विषय कुठल्याही वाटेनं गेलात तरी सुटत नाही. आणि ऑगस्ट २०२३ च्या निकालाप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. तुम्ही सहावी-सातवीला आहात ते ठीक. उद्या शाळेनं "मॅडम, तिसरीचा वर्ग घ्या" म्हटलं तर पात्रतेचा प्रश्न तुमच्या गळ्यात येईल.

तिथंच राहायचं ठरलं तर नेमणुकीचं पत्र वाचा. जूनमध्ये पत्र, एप्रिलअखेर सेवा समाप्त, पुन्हा जूनमध्ये नवीन पत्र आणि मेचा पगार नाही, हा प्रकार मी इतक्या शाळांत पाहिलाय की नव्या शिक्षकांना तोच नियम वाटतो. महाराष्ट्राचा १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायदा राज्य मंडळाच्या मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे. कायम रिकाम्या जागेवर पात्र उमेदवार घेतला तर त्याला दोन वर्षांच्या परिविक्षेवर (प्रोबेशनवर) घ्यायचं असतं, आणि काढून टाकलं तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडं दाद मागता येते. तीस दिवस, हे लक्षात ठेवा. बहुतेक जण संस्थेच्या विनवण्या करण्यातच ते घालवतात. दुसरा प्रकार आणखी वाईट: बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि दहा तारखेला काही रक्कम रोख परत मागायची. मी ज्या संस्थेत हे पाहिलं तिथून तीन वर्षांत गणिताचे चार शिक्षक गेले, आणि पालक मात्र "मुलं गणितात कच्ची" म्हणून क्लास लावत होते. ग्रॅच्युइटी खासगी शाळेतल्या शिक्षकांनाही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पक्कं केलं. सेवा सलग दिसावी म्हणून जुनी सगळी पत्रं, पगारपत्रकं आणि पीएफचा क्रमांक जपून ठेवा. आणि पगार पुरत नाही म्हणून घरी शिकवण्या घेत असाल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या २८ व्या कलमात शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई आहे. संस्थेला कारण हवं असतं तेव्हा नेमकं हेच कलम आठवतं.

एवढं झाल्यावर माझा सल्ला. आधी नोकरीचं ठरवा, मग शाळेचं. उलट केलं, म्हणजे मुलगी सवलतीत तुमच्या शाळेत घातली, की तुम्ही अडकलात. पुढं कुठं चांगली संधी आली तर नोकरी सोडायला फी दुप्पट होण्याची भीती, आणि संस्थेलाही ते ठाऊक असतं. पगारवाढ मागायला गेलेल्या शिक्षिकेला "तुमच्या मुलीची सवलत आहेच की" हे उत्तर मी संस्थेच्या बाजूनं टेबलावर बसून ऐकलेलं आहे. शिवाय आई ज्या शाळेत शिकवते तिथलं मूल सहावीत आईच्याच वर्गात येतं. काहींना ते झेपतं, काहींना नाही.

तुमच्या जागी मी असते तर अनुदानित शाळेतल्या तिसरीच्या वह्या बघून, त्या बऱ्या निघाल्या तर, मुलीला तिथं घातलं असतं. वाचलेल्या फीतले हजार-बाराशे महिना पुस्तकांवर आणि खेळाच्या क्लबवर, बाकीचे बाजूला. मात्र नावाजलेल्या अनुदानित शाळांत बालवर्गातच जागा भरतात आणि पहिलीला मोजक्या उरतात. जानेवारीतच जाऊन चौकशी करा, मे महिन्यात काही हाती लागत नाही. वह्या वाईट निघाल्या किंवा जागाच नसली, तर मग तुमची शाळा, पण एक अट: सवलत न धरता पूर्ण फी आणि वरखर्च दोघांच्या हातात येणाऱ्या वर्षाच्या पैशाच्या दहाव्या हिश्शात बसतो का बघा. तुमचं वर्षाचं हातात येणं दहा लाखांच्या आत आहे आणि खर्च दीड लाख. बसत नाही. पहिलीचीच फी हप्त्यांच्या कर्जावर भरायची वेळ येत असेल, तर तिथं थांबायचं. ज्यांना बदलीची नोकरी आहे, किंवा मुलाला विशेष मदत लागते आणि ती देणारी जवळची एकमेव शाळा खासगी आहे, त्यांना हा नियम मी लावत नाही. त्यांनी ताणून भरावी.

आणि तरीही सवलत घेणार असाल तर ती लेखी घ्या. किती टक्के, कुठल्या फीवर, फी वाढली की सवलतही वाढणार का, आणि वर्षाच्या मधे तुम्ही नोकरी सोडली तर त्या वर्षाची फी कशी धरणार, हे चारही मुद्दे पत्रात, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. "आपलंच आहे, बघू नंतर" असं कार्यालयातून सांगितलं तर पहिल्या हप्त्याचा चेक त्या दिवशी देऊ नका.